मामांचं ऑपरेशन

मुलांच्या वॉर्डातून ऑपरेशन थिएटरपर्यंत स्ट्रेचर ढकलायचं, हे मामांचं एकोणीस वर्षांचं काम. अंगानं आडदांड, मिशा झुबकेदार. ते दारात दिसले की पोरं आईच्या कुशीत शिरायची. रडणाऱ्या लेकराला ओढून न्यायचं आणि घरी जाऊन जेवायला बसायचं. ताट तसंच बाजूला सरकवायचं.

मग सात वर्षांची एक मुलगी आली. हृदयाला भोक. ऑपरेशन दोनदा पुढे गेलं, म्हणून तीन आठवडे तिचा मुक्काम वॉर्डातच. एका दुपारी रिकामं स्ट्रेचर दिसताच तिनं फर्मावलं, "मामा, झोपा. आज तुमचं ऑपरेशन."

मामा इकडेतिकडे बघून आडवे झाले. तिनं चमच्यानं त्यांचं पोट 'उघडलं' आणि कपाळावर हात मारला. "अहो, आत नुसता चहाच!"

सगळा वॉर्ड हसला. ती मात्र हळूच म्हणाली, "दुखलं?"

"झोपेत काय कळतंय?"

"जाग आल्यावर आई असते?"

"असते की. अगदी शेजारी."

मग रोज दुपारी मामांना कापायला पोरांची रांग लागू लागली. आधी रागावणाऱ्या सिस्टर स्वतःच जुने मास्क आणून द्यायला लागल्या, कारण आता मुलं थिएटरकडे जाताना हातपाय झाडत नव्हती.

तिच्या ऑपरेशनच्या दिवशी ती स्वतःच स्ट्रेचरवर चढली. "सावकाश हाका हं," म्हणत हसत आत गेली. चौथ्या दिवशी ती गेली. मधे एकदाही शुद्धीवर आली नाही.

मामांनी खेळ बंद केला. पोरं हाका मारायची, हे तोंड फिरवायचे. "लेकराशी खोटं बोललो मी," एवढंच बायकोला म्हणाले.

महिन्याभरानं तिची आई कागदपत्रं न्यायला आली. मामा जिन्याआड सरकले, पण तिनं गाठलंच.

"मामा, दोन वर्षांपूर्वी तिला दुसऱ्या दवाखान्यात ऑपरेशनला चौघांनी धरून आत नेलं होतं. तेव्हाचं तिचं ओरडणं अजून झोपू देत नाही मला. ह्या वेळी ती हसत गेली. माझ्याकडे तेवढंच उरलंय हो."

मामांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्ट्रेचरवर आडवे झाले. कानाच्या ऑपरेशनसाठी आलेली एक चिमुरडी चमचा घेऊन वाकली आणि थबकली.

"मी अजून कापलंच नाही. रडताय कशाला?"

"तू हात चालव, डॉक्टर," मामा म्हणाले.