सरदार मेलाच नाही

बबन ऑपरेटरनं मला फसवलं. चाळीस वर्षं फसवलं आणि तोंडानं कबूल न करता गेला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं, हे मला कळतं. ज्यांना तसं वाचायचंय त्यांनी पान उलटावं.

बातमी आली तेव्हा मी बारामतीत बांबूवाल्याशी भावावरून भांडत होतो. मंडपाचा धंदा माझा, भांडण रोजचंच. फोनवर बबनचा मुलगा सचिन म्हणाला, "नाना, आबा गेलं." मी बांबूवाल्याला तो म्हणेल तो भाव कबूल केला आणि बबनच्या गावी, लासुर्ण्याला निघालो. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच घासाघीस सोडली. त्याचाही राग मला बबनवरच आहे.

आम्ही दोघं पंचविशीच्या आत होतो तेव्हा जत्रेजत्रेला तंबू टॉकीज लावायचो. तंबू आणि कनाती मी बघायचो, मशीन बबन चालवायचा. एकदा पुण्याच्या एका वितरकाच्या कचेरीतून मी रक्तपिशाचाचा एक जुना इंग्रजी चित्रपट भाड्यानं पदरात पाडून घेतला. काळा-पांढरा, जगभर गाजलेला. भाषा कुणाला कळणार? मग बबननं माइक हातात घेतला. "ह्यो सरदार. मेल्याला लई वर्सं झाली, पर वाडा सोडत न्हाय. रगत पितो, दुसरं काय खात न्हाय. पावण्यांनो, आपापली मान सांबाळा!" कऱ्हाटीच्या जत्रेत माणसं हसता हसता उपरणी गळ्याभोवती गुंडाळायला लागली. पिशाचाला सरदार केलं ते बबननं. परदेशात त्याला काय म्हणतात, ते आमच्याकडे आजही कुणी विचारत नाही.

शेवटी सरदार आपला झगा पसरून उभा राहायचा आणि तिथंच पडदा पांढरा व्हायचा. पहिल्या खेळाला एक म्हातारी उठून ओरडली, "आरं बाबा, मेला का न्हाय त्यो?"

"उद्या या, आज्जी."

"उद्या मरंल व्हय?"

"बगू की!"

म्हातारी जत्रा उठेपर्यंत रोज आली. सरदार रोज वाचला.

त्याच जत्रेत बबननं छत्रीच्या काळ्या कापडाचा झगा शिवला, तंबूच्या दारात घालून उभं राहायला. अस्तर तांबडं, आणि ते माझी नवी कनात फाडून काढलेलं. मी त्याची गचांडी धरली. "पडद्यावर अस्तर काळं दिसतंय ना? मग माझी कनात कशाला फाडलीस?" तो म्हणाला, "काळ्या-पांढऱ्यात तांबडं काळंच दिसतं, नाना. तुला काय म्हायती त्यो आत काय घालतो?" मी गचांडी सोडली. पण तेव्हापासून आमच्या आसपासच्या तालुक्यांत सरदाराच्या झग्याला तांबडं अस्तर असतं, आणि ते माझ्या कनातीतून निघालेलं आहे.

शेवटाचं विचारलं की बबन म्हणायचा, "शेवटचं रीळ आलंच न्हाय. त्या कारकुनानं खाल्लं." मी चित्रपट परत करायला गेलो तो तापूनच. कारकून किडकिडीत होता, चष्मेवाला. तो शांतपणे म्हणाला, "मी रिळांचे डबे मोजून दिलेत हो. तुमच्या माणसाला विचारा." मी म्हणालो, "माझा माणूस खोटं बोलत नाही," आणि सगळ्या कचेरीसमोर त्याच्या थोबाडीत मारली. चष्मा खाली पडला. त्यानं तो उचलला, काच उजेडाकडे धरून पाहिली, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा कागदात मान घातली. त्या कचेरीनं मला परत दारात उभं केलं नाही. त्याचं दुःख नाही, पुढे तंबू टॉकीज अशीही बुडालीच. पण तो चष्मा...

सरदार मात्र बुडाला नाही. अर्धवट राहिला म्हणून गावोगाव पसरला. लासुर्ण्याच्या पेरूच्या बागेत बुजगावण्याला झगा चढला. शाळांच्या गॅदरिंगला तो हमखास असायचा. गणपतीच्या जिवंत देखाव्यात माळेगावची पोरं बोटं वाकडी करून तास-तास उभी राहायची. तिथवर ठीक होतं, त्यात निदान मेहनत होती. आता बघा. प्लॅस्टिकचे दात, काळा गॉगल आणि डीजेपुढे नाचणारा सरदार! वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कॉलर कानापर्यंत उभी केलेले भावी कुणीतरी! मोबाइलवर अर्ध्या मिनिटात तीनदा रक्त पिऊन लाइक मागणारे! यांच्यातल्या एकालाही नुसतं उभं राहून भीती घालता येत नाही. बबनला यायची. तंबूच्या दारात उभा राहून तो नुसती मान वळवायचा आणि माणसं दोन पावलं मागं सरायची. वर त्यातलाच एक शहाणा मला सांगतो, तांबडं अस्तर परदेशातून आलं.

दिवाळीनंतर बबनकडे गेलो होतो तेव्हा त्याला धाप लागत होती. मोबाइलवर कुठलंसं नवं पिशाच बघत बसला होता. मला दाखवून म्हणाला, "ह्ये बग. पोरीसाटी रडतंय. रडाय लागला की मेलाच म्हणायचा त्यो." मी सरळ विचारलं, "बबन, खरं सांग. शेवटचं रीळ आलं होतं का नव्हतं?"

तो खोकत खोकत हसला. "आजून भांडतोस व्हय त्या कारकुनाशी?"

एवढंच बोलला. ती आमची शेवटची भेट.

तेराव्याच्या दुपारी शालनवैनींनी, त्याच्या बायकोनं, एक पत्र्याचा गोल डबा माझ्यापुढं ठेवला. "भावजी, ह्यो तुमचा हाय म्हणं. मी गेल्यावरच द्ये, म्हणलं हुतं." म्हणजे जे तोंडानं जमलं नाही ते बायकोच्या हातून केलं, तेही मी भांडू शकणार नाही अशा वेळी. झाकण उघडलं तर जुन्या फिल्मला सुटतो तसा शिरक्यासारखा आंबट वास आला. अंगणात जाऊन मी पट्टी उन्हात धरली आणि एकेक चौकट बघत गेलो. दोन माणसं तळघरात उतरतात. एकाच्या हातात हातोडा. हातोडा वर जातो, आणि पुढं नुसतं बंद दार. चौकटीमागून चौकट दारच. मग तेच दोघं कपडे झटकत बाहेर येतात, संपलं. सरदार मरताना कुठंच नाही.

वैनींनी विचारलं, "काय हाय त्यात?"

"दार," मी म्हणालो.

एवढा जगभर गाजलेला चित्रपट, आणि शेवटाला दार लावून घेतो! हे बघायला त्या म्हातारीला रोज बोलवायचं? बबनला लाज वाटली असणार. शेवट त्यानं कापला आणि बरोबर कापला. तो बरोबर होता हे मला आणखीच सहन होत नाही.

डबा आता माझ्या मंडपाच्या ऑफिसात टेबलावर आहे. झाकण घट्ट लावलं तरी वास येतोच, आणि गिऱ्हाईक नाक मुरडून विचारतं. त्या कारकुनाचं मी नावही विचारलं नव्हतं. हात माझा होता, पण ती थोबाडीत तुझी होती, बबन. सरदाराला वाचवलंस ते ठीक. मग मी पुण्याहून परत येऊन मारल्याचं फुशारकीनं सांगत होतो, तेव्हा गप्प का बसलास? त्या माणसानं डबे मोजून दिले होते. त्याला उत्तर कोण देणार, सांग.