तिसरं काहीतरी

वडवणी-बीड एसटीत ती रोज वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर बसायची. बी.एस्सी.साठी गोळा केलेली झाडं त्या कागदांत दाबून सुकत असत.

कंडक्टर चिडवायचा, "ताई, पेपर वाचायचा असतोय."

"वाचून झाला, मामा. आता कामाला लावलाय."

एकदा तिच्या मांडीवर बाटली होती. आत कुत्र्याची छत्री.

"ही नाही दाबली?" शेजारच्या सीटवरून मी विचारलं.

"दाबली की चिखल हुतोय हिचा. ही ना झाड, ना जनावर. तिसरंच हाय कायतरी." मग बाटलीकडं बघतच म्हणाली, "घरचे म्हणतेत, हे सोड. डी.एड. कर न्हाईतर लग्न कर. तिसरं काय नसतंय."

परदेशी कंपन्यांसाठी देशाचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या तेव्हा, एक्क्याण्णवच्या सुमारास, रोज छापून येत. ती त्यांच्यावर बसून कॉलेजला जात राहिली.