परत दिलेली धावपट्टी

बातमी आतल्या पानावर होती. ताजिकिस्तानातला हवाई तळ आपण केव्हाच रिकामा करून दिला, एवढंच चार ओळींत. मी लातूरहून निलंग्याला दादाला फोन केला. एरवी ‘जयभीम, सुमे’ म्हणणारा माणूस नुसता ‘वाचलं’ म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर महिन्याभरात दादा गेला. डॉक्टर हृदयविकार म्हणाले. मला विचारलं असतं, तर मी दुसरंच सांगितलं असतं...

लातूर नवा जिल्हा झाला त्याच सुमारास माझा हा थोरला भाऊ हवाई दलात लागला. धावपट्टीच्या देखभालीचं काम. नोकरीच्या शेवटी त्याला त्या परक्या डोंगरी देशात पाठवलं. तिथली जुनी धावपट्टी आपल्याच लोकांनी लांब करून दिली होती. “इतक्या दूर आपलं काय अडलंय रे?” असं मी डिवचलं की तो पलंगावर भुईमुगाच्या शेंगा मांडायचा. “ही आपली हद्द. ह्यो पाकिस्तान, हे काबूल. आन् त्याच्या डोक्यावर आमी. भांडण पुढल्या दारी असू दे, मागल्या दाराची कडी आपल्या हातात पायजे.” समजावून झालं की शेंगा खायचा. पाकिस्तान आधी खायचा.

तिथं रोज सकाळी सगळे रांगेत, मान खाली घालून धावपट्टीवरचे खडे वेचत चालायचे. इंजिनात खडा गेला की विमान कामातून गेलं, म्हणायचा.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या दुष्काळी उन्हाळ्यात आई गेली. साहेब दादाला जा म्हणाले होते. पण त्याच्या जागी येणारा माणूस पोचला नव्हता, म्हणून दादाच थांबला. तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं. दुसऱ्या सकाळी पिशवी घेऊन तो, आईला शेवटचं नेलं होतं त्या ओढ्याकडच्या वाटेवरचे खडे वेचायला लागला. निवृत्त झाल्यावर तर रोजच. “ओढ्यावर इमान उतरवता काय, काका?” गल्लीतली माणसं विचारायची. तोही हसायचा.

बातमीनंतर मी गेले, तर सकाळ होऊन गेली तरी तो ओट्यावरच. म्हणाला, “भाडेकरूनं भिंती रंगवल्या म्हणून घर त्याचं होतंय व्हय?” मग म्हणाला, “आईला खांदा न्हाई दिला म्या... कशापायी?”

“तू होतास तोवर कडी आपल्या हातात होती, दादा.”

त्यानं ऐकून घेतलं, पण त्याला पटलं नाही. ते पटून तो गेला असता तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

त्याला त्याच वाटेनं नेलं. माझ्या चपलेत खडा गेला, तेव्हा लक्षात आलं की वाट पुन्हा खड्यांनी भरली होती.

परवा निलंग्याला मुक्कामी होते. सकाळी वहिनी घरात दिसेनात. ओढ्याच्या वाटेवर वाकून चालत होत्या, हातात दादाची पिशवी.

“वहिनी, आता कशाला?”

“ते परक्याचं होतं, गेलं. ही वाट तर आपली हाय न्हवं?” म्हणाल्या, आणि पुन्हा वाकल्या.