अक्कांच्या नावावरच्या जोडण्या

कुणाविषयी लिहावं असा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मीच पहिला, आणि लिहिणं म्हणजे परीक्षेतली उत्तरं एवढंच मला ठाऊक. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांच्याशी माझी ओळख कामापुरती. त्यांच्या घरच्यांना, जुन्या शेजाऱ्यांना माझ्याहून कितीतरी जास्त माहीत असणार. काही चुकलं तर त्यांनी सांभाळून घ्यावं.

ऑफिसात काही बिघडलं की अक्का आधी चष्मा काढायच्या. बाकीचे लोक नीट दिसावं म्हणून चष्मा लावतात, त्या काढून टेबलावर ठेवायच्या. मग खुर्चीत मागे रेलून विचारायच्या, "कुणी हात लावला?"

आमचं ऑफिस बंगळूरच्या कोरमंगलात, एका बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत. डायलिसिसच्या रुग्णांना घरून दवाखान्यात नेणं आणि परत आणून सोडणं हे संस्थेचं काम, आणि ते सगळं अक्का बघायच्या. घरचे लोक मोबाइलवर फॉर्म भरतात, ती माहिती एका स्प्रेडशीटमध्ये जाते, आणि रोज पहाटे एक स्वयंचलित व्यवस्था ती शीट वाचून ड्रायव्हरांना निरोप पाठवते: कुणाला, कुठून, कधी घ्यायचं. ही व्यवस्था आणि शीट यांच्यामधल्या धाग्याला आम्ही जोडणी म्हणायचो. जोडणी तुटली की निरोप जात नाहीत, आणि निरोप गेले नाहीत की बेळ्ळंदूरच्या एखाद्या सोसायटीच्या गेटवर कुणीतरी हातात पिशवी घेऊन ताटकळत उभं राहतं.

मी तिथे इंटर्न म्हणून लागलो तेव्हा शेवटच्या वर्षाला होतो. पहिल्याच आठवड्यात लाल अक्षरांचं मेल आलं: शीटशी जोडणी होऊ शकली नाही. मी ते उघडलं आणि लगेच बंद केलं. आमच्या गावी इंग्रजीतलं पत्र आलं की ते शाळेतल्या गुरुजींकडे नेऊन वाचून घ्यायचे, आणि ते वाचेपर्यंत वडील उभेच असायचे. ती भीती माझ्यातही उतरली असावी.

अक्कांनी ते पाहिलं. "पुट्टा, पूर्ण वाच," त्या म्हणाल्या. पुट्टा म्हणजे कन्नडमध्ये लहानगा. "अर्धं वाचून घाबरतोस आणि उरलेलं अर्धं स्वतःच रचतोस."

मी पूर्ण वाचलं. पासवर्ड बदलला होता, पुन्हा परवानगी द्या, एवढंच होतं.

"बघ. तुटलं नाही, रुसलंय. जा, बोलव."

अक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळूरला आलेलं. त्यांच्या मराठीत 'थोडं'साठी 'स्वल्प' आणि 'बरं'साठी 'सरी' इतके मुरलेले होते, की 'स्वल्प थांब' हे कुठल्या भाषेत म्हटलं ते त्यांना सांगता आलं नसतं. माझ्या मराठीला त्या 'वर्तमानपत्रातली' म्हणायच्या. आम्ही एकमेकांना अडून अडून समजायचो, पण समजायचो.

तांत्रिक बाबतीत त्या मोठ्या तरबेज होत्या असं मात्र नाही. त्यांचा माणसांवर विश्वास होता. म्हणजे बिघाड माणसानेच केला असणार यावर. जोडणी तुटली की मी सेटिंग तपासायला बसायचो आणि त्या फोन फिरवायला. कधी त्यांचं खरं निघायचं. एका स्वयंसेवकाने फोन नंबरच्या रकान्यात 'नंबर अण्णाकडे आहे' असं लिहून ठेवलेलं निघालं. कधी माझं खरं निघायचं, आणि तोपर्यंत त्यांनी चार निरपराध माणसांची उलटतपासणी केलेली असायची.

दसऱ्याची गोष्ट सांगायलाच हवी. आदल्या दिवशी ऑफिसात आयुधपूजा झाली. स्कूटरच्या चाकाखाली लिंबं ठेवली, दारात कोहळा फोडला, सगळ्या कॉम्प्युटरना हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही निरोप गेला नाही. डायलिसिसला दसऱ्याची सुट्टी नसते. एक दिवस चुकला तर पाणी छातीपर्यंत चढतं, हे मी तोवर ऐकलं होतं. त्या सकाळी रुग्णांचे फोन घेताना ते खरं कळलं.

अक्कांनी घरूनच एकेका ड्रायव्हरला तोंडी पत्ते सांगून गाड्या काढल्या. मग ऑफिसात आल्या, चष्मा काढला. "कुणी हात लावला?" हिशेबनीसांना विचारलं, बेकरीच्या मालकाला विचारलं, सफाईच्या बाईंनाही विचारलं. सगळे आपले हात वर करून उभे.

मी शीट उघडली. सगळ्यात वर एक नवी ओळ होती आणि तिच्यात ठळक अक्षरांत, पिवळ्या रंगावर: ॥ श्री ॥. व्यवस्था पहिल्या ओळीत रकान्यांची नावं शोधायची. 'नाव', 'पत्ता', 'फोन' यांच्या जागी तिला श्री दिसला आणि पुढे जाता येईना. ही ओळ कुणी घातली ते शीटच्या इतिहासात स्पष्ट होतं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

त्यांनी चष्मा लावला. "अय्यो. मीच की!"

त्यांच्या वडिलांचं राजाजीनगरात कापडाचं दुकान होतं. आयुधपूजेला चोपडीवर पहिली ओळ 'श्री'ची घालायची, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. आता चोपडीच्या जागी शीट आली, एवढंच.

"मग ओळ काढून टाकू?" मी विचारलं.

"देवाला काढतोस?"

"मग ठेवू कुठे, अक्का?"

बरीच वाटाघाट झाली. शेवटी त्याच फाइलमध्ये मी एक वेगळं पान केलं, त्यात फक्त श्री. कुठलीच जोडणी त्या पानाकडे जात नव्हती. हिशेबनीस म्हणाले, "देवाला स्वतंत्र खोली, अटॅच्ड बाथरूम नाही फक्त." अक्का त्यांच्याशी दिवसभर बोलल्या नाहीत. दुपारी डब्यातली पुरणपोळी मात्र त्यांच्यापुढे सरकवली.

पुढच्या उन्हाळ्यात त्या रजेवर गेल्या. आधी पोटाचं दुखणं म्हणाल्या, मग ऑपरेशन, मग त्या काहीच म्हणेनाशा झाल्या. एक दिवस फोन आला, "पुट्टा, लॅपटॉप घेऊन घरी ये. काम आहे."

राजाजीनगरच्या घरात त्या धाकट्या भावाकडे राहायच्या. लग्न केलं नव्हतं. जेवणाच्या टेबलाशी उशीला टेकून बसल्या होत्या. खूप बारीक झाल्या होत्या. मी कुठे बघावं ते न कळून लॅपटॉपच उघडला.

"सगळ्या जोडण्या कुणाच्या नावावर आहेत?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या."

"म्हणजे मी गेले की ऑफिस माझं खातं बंद करणार. खातं बंद की जोडण्या बंद. जोडण्या बंद की गाड्या बंद. सरी?"

"तुम्ही परत येणार आहात."

"येईन की. पण नाव आज काढ." मग हळूच म्हणाल्या, "माझ्या नावामुळे कुणी गेटवर उभं राहायला नको रे."

आम्ही एकेक जोडणी त्यांच्या खात्यातून सोडवून ऑफिसच्या सामाईक खात्याला बांधली. दर वेळी स्क्रीनवर प्रश्न यायचा, ही जोडणी काढायची याची खात्री आहे का? दर वेळी मी थांबायचो, आणि त्या म्हणायच्या, "दाब." त्यांचे भाऊ शेजारी बसून अवरेकाळू, म्हणजे पावटे, सोलत होते. हिवाळ्यातल्या त्या शेंगा त्यांनी उन्हाळ्यात कुठून पैदा केल्या कोण जाणे. अक्कांना आवडतात म्हणून अर्धं मार्केट पालथं घातलं होतं म्हणे. अक्का 'दाब' म्हणाल्या की भावाचे हात तेवढ्यापुरते थांबत.

काम संपलं असं मला वाटलं. अक्कांना वाटलं नाही.

"आता खातं खरंच बंद करायला सांग. उद्याच."

"अक्का, कशाला?"

"मोडायचंच असेल तर मी असताना मोडू दे. मी फोन करायला आहे तोवर."

खातं बंद झालं. सकाळच्या गाड्या नीट गेल्या. दुपारी लाल मेल आलं. परतीच्या गाड्यांची एक जोडणी आमच्या नजरेतून सुटली होती, ती अजून त्यांच्याच नावावर होती. मी मेल पूर्ण वाचलं आणि फोन लावला, तर त्यांचा फोन व्यस्त. लागला तेव्हा म्हणाल्या, "मला दवाखान्यातून फोन आला. दोघा ड्रायव्हरांना मी पाठवलं. तिसऱ्याला तू सांग. आवाज असा का तुझा? बरं झालं की, आजच सापडलं."

ती जोडणीही बदलली. त्यानंतर सकाळ, दुपार, संध्याकाळ, सगळं सुरळीत जात राहिलं. मी फोन करून तसं कळवलं.

"इतक्या लवकर विसरली मला तुमची व्यवस्था?" त्या म्हणाल्या. मग हसल्या, आणि हसताना खोकला आला.

एक मागणी मात्र त्यांनी केली. रोज सकाळी सगळ्या गाड्या निघाल्या की त्यांच्या स्वतःच्या फोनवर एक ओळ यावी. मी तशी सोय करून दिली: 'आजच्या सर्व गाड्या गेल्या.' मराठीत. "उत्तर देणार नाही हं," त्यांनी आधीच सांगितलं. "बोटं दुखतात. मी वाचते असं समज."

मी तसं समजत होतो. परीक्षा झाली, ऑफिसने मला नोकरीत घेतलं, पहिल्या पगाराचे पेढे घेऊन त्यांच्याकडे जायचं ठरवत होतो. या रविवारी नको, पुढच्या रविवारी जाऊ, असं चाललं होतं. त्यांना जरा बरं वाटू दे म्हणून. निरोप आपोआप जात होते, त्यामुळे ड्रायव्हरांशी माझं बोलणं असं होतच नसे.

एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. त्यांचे भाऊ होते. फार अदबीने बोलत होते, जणू त्यांनीच मला त्रास दिला होता.

"ऑफिसचे ना तुम्ही? त्या दिवशी घरी आला होता ते? अक्काच्या फोनवर रोज सकाळी तुमचा एक निरोप येतो. शेवटी तिला दिसत नव्हतं, मी वाचून दाखवायचो. गाड्या गेल्या म्हटलं की मगच कॉफी घ्यायची. तुमचे ड्रायव्हर सगळे स्मशानात आले होते हं, पेशंटना सोडून मग आले. त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल म्हणून मी वेगळा फोन केला नाही. काल बारावं झालं. फोन आता माझ्या मुलीला द्यायचाय. तो निरोप बंद करता येईल का?"