दुखतंय श्रीवर्धनला, अडलंय माणगावला

समोरच्याला धक्का न देता त्याच्या घरात शिरणं माझ्या मामेसासऱ्यांना उभ्या आयुष्यात जमलं नाही. श्रीवर्धनच्या शाळेत त्यांनी भूगोल शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर मुंबईला जाऊन रीतसर अॅक्युपंक्चर शिकून आले. आधी नकाशात टाचण्या खुपसत, आता माणसांत सुया. आमच्या मते बदल एवढाच.

दुखणं एकीकडे आणि सुई भलतीकडे, ही त्यांची रीत. सुपारीच्या वाडीत राबणारी एक म्हातारी कोपर धरून आली, तर मामांनी सुई लावली तिच्या गुडघ्याखाली. ती हबकली. "मास्तर, दुकतोय हात नि टोचता पाय? सुईत औशद तरी हाय का?"

"न्हाय," मामा शांतपणे म्हणाले. "दुखतंय श्रीवर्धनला, पण गाड्या अडल्यात माणगावला. तिथली वाट मोकळी केली, की तुझी एसटी आलीच."

म्हातारीला हे इतकं पटलं, की पुढे कुणाची कंबर धरली तरी गाव म्हणे, याचं माणगाव तुंबलंय. एका लग्नात तर मामा दोन भुवयांच्या मधोमध सुई तशीच विसरून अक्षता टाकायला उभे राहिले. लोक नवरदेवाच्या मुंडावळ्या सोडून त्यांच्याकडे पाहत होते. नवरीची आत्या घाबरून खाली बसली. मामांनी खुलासा केला, "मान अवघडली होती. लग्नात मानाचं फार असतं."

मला बसलेला धक्का वेगळा. मधुमेहाने माझे दोन्ही खांदे आखडले होते आणि त्यातच वडील गेले. तिरडी उचलली गेली, मी मागून नुसता चालत राहिलो. ते मामांनी पाहिलं होतं. तेरावा झाल्यावर ते सुयांची डबी घेऊन दारात हजर. "जावईबापू, पाय पुढे करा." खांद्यासाठी नडगी! मी पाय मागे घेतला. तेव्हा ते, जणू चहात साखर कमी आहे असं सांगावं तसे म्हणाले, "मला मुलगा नाही. माझ्या वेळेला हे खांदे मला चालू हवेत." माझ्या बायकोच्या हातातली बशी फुटली.

मग भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लागला. नडगीत सुई, आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम म्हणून माझा हात नकाशावरून किनाऱ्याने वर सरकायचा. श्रीवर्धनहून निघून मुरूडला मी कितीतरी दिवस मुक्काम केला. अलिबागला पोचलो तेव्हा मामांनी पेढे आणले. शेवटी एका दुपारी बोट पार वर, खाडीच्या तोंडावरच्या रेवसला टेकलं. "चला," मामा डबी मिटत म्हणाले, "आता मी जायला मोकळा." बायको त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

गेल्या महिन्यात सकाळी चहा पिता पिता मामा गेले. आजारपण नाही, सूचना नाही. त्यांच्या स्वभावाला धरूनच. घरापासून स्मशानापर्यंत मी खांदा कुणाला बदलू दिला नाही. एकदाही कळ आली नाही.

घरी येऊन नकाशासमोर बसलो, तर नडगी ठणकत होती, नेमकी सुईच्या जागी. दुखतंय कुठे ते मला सांगता येतं. अडलंय कुठे, ते आता कुणाला विचारायचं?