हडंब्याच्या तोंडचा पत्रा

माझ्या उजव्या हाताची तीन बोटं सोयाबीनच्या हडंब्यात गेली, त्याला तीन वर्षं झाली. दुखणं कधीच थांबलं. राग मात्र अजून ताजा आहे. दवाखान्याच्या कागदावर 'कारण' या शब्दापुढं लिहिलंय, स्वतःचा निष्काळजीपणा. मी बेशुद्ध होते, मग डॉक्टरला हे सांगितलं कोणी? हडंबेवाल्यानं!

हडंबा म्हणजे आमच्याकडचं मळणीयंत्र. सुडीतलं, म्हणजे रचलेल्या ढिगातलं, सोयाबीन कवेत घ्यायचं आणि त्याच्या तोंडात लोटायचं. हात आत जाऊ नये म्हणून तोंडावर एक पत्रा असतो. पण ओलसर माल त्याला अडतो, मशीन थांबते, म्हणून हंगामाच्या पहिल्याच दिवशी नट खोलून तो ट्रॅक्टरच्या सीटखाली टाकतात. रिठदपासून रिसोडपर्यंत कुठल्याही शेतात जा, हेच. त्यात शेंगा टोचतात म्हणून आम्ही बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतो, लांब बाह्यांचा. बाही आत ओढली गेली की हात तिच्यामागं जातो. माझा तसाच गेला.

तरी दोन वर्षं मी स्वतःलाच दोष देत होते. मग एका बुद्धपौर्णिमेला विहारात वंदनेसाठी सगळ्यांनी हात जोडले आणि माझी नजर शेजारच्या मावशीच्या हातांवर गेली. डावा पंजा पुरा, उजवा अर्धा. मागं वळून पाहिलं, तर आणखी दोघी तशाच. माझ्यासकट चौघी, चौघींचा हात हडंब्यातच गेलेला, आणि चौघींचा उजवाच! निष्काळजीपणा काय उजवा हात निवडून येतो? मी वंदनेचे शब्दच विसरले.

त्याच उन्हाळ्यात सर्व्हेवाली ताई आली. देशभर घरोघरी विचारतात म्हणे, कोणाला कुठं, कसं लागलं. तिनंही टॅबवर बोट ठेवून विचारलं, "निष्काळजीपणा टाकू ना?"

"कायले? पत्रा काढला व्हता म्हणून लिव."

"तसं लिहायला जागा नाही यात, वहिनी."

"मंग जागा कर! अन् शेजारी मावशीले विचार, ते बी हेच सांगन."

ती हसली आणि पुढच्या घरी गेली. काय लिहिलं, तिलाच ठाऊक.

दसऱ्यानंतर तोच हडंबा आमच्या शेतात आला. मला आता सोयाबीन लोटता येत नाही, म्हणून माझ्या जागी धाकटी जाऊ उभी राहणार होती. दिराचा शर्ट घालून ती तयार झाली. बाहीचं बटन तुटलेलं. ते मी पाहिलं. मशीन सुरू व्हायच्या आत मी हडंब्याच्या तोंडापुढं जाऊन बसले.

"वैनी, बाजूले व्हा," हडंबेवाला म्हणाला.

"पत्रा लाव आंधी."

"माल ओला हाय. अडकन ना!"

"अडकला माल काढता येते. माही बोटं काढली का तू?"

नवरा धावत आला. "काहून तमाशा करून राह्यली? लोक वाट पाहून राह्यले!"

"पाहू दे. मी उठत नाई."

मजुरीला आलेल्या त्याच मावशीनं हातातला विळा ठेवला आणि येऊन माझ्या शेजारी बसली. हडंबेवाल्यानं आम्हाला शिव्या घातल्या, नवऱ्याला घातल्या, शेवटी सीटखालून पत्रा ओढला. नट आवळून होईपर्यंत आम्ही दोघी हललो नाही.

मशीन सहा वेळा अडली. प्रत्येक वेळी सगळे माझ्याकडं खाऊ की गिळू असं पाहत होते. पाहा म्हटलं.

संध्याकाळी जाऊ घरी आली, तिनं शर्ट काढला. "बाई, लय शिव्या खाल्ल्या तुमी आज माह्यापायी."

"खाल्ल्या त खाल्ल्या," मी म्हटलं. "हात धू अन् भाकरी थाप. मले थापता येत नाई."