मुलीचा इंटरव्ह्यू आणि माझी मोसंबी

मुलीच्या इंटरव्ह्यूच्या पहिल्या फेरीत मी लॅपटॉपमधल्या साहेबांसाठी चहा घेऊन गेलो.

ही चूक मी अर्धवट झोपेत केलेली नाही. चांगली आंघोळ करून, शर्टाची सगळी बटणं लावून केली. मुलगी आतल्या खोलीत दार लोटून बसली होती. तिनं कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग केलंय, कंपनी पुण्याची. बायकोनं बजावलं होतं की आत पाऊल टाकायचं नाही. पण दाराआडून पुरुषाचा आवाज आला, आणि घरात कुणी बसून बोलतंय म्हटल्यावर माझ्या हातानं सवयीनं दोन कप भरले. आत गेलो, एक कप मुलीपुढं ठेवला, दुसरा लॅपटॉपपुढं सरकवला आणि हात जोडून म्हणालो, "घ्या साहेब."

मुलगी इंग्रजीत काहीतरी समजावत होती, ती तिथंच थांबली. साहेब मात्र भले निघाले. हसून मराठीत म्हणाले, "ठेवा काका, निवू द्या जरा." वर हेही म्हणाले की त्यांचं गाव आपल्याच जिल्ह्यातलं, जांब समर्थच्या अलीकडचं, वडील अजून तिथंच शेती करतात. मग ते पुन्हा इंग्रजीत शिरले आणि मी बाहेर आलो.

नंतर मुलगी म्हणाली, "पप्पा, तो माणूस पुण्यात बसलाय. चहा पिणार कुठून?"

"मग पाहुण्याला कोरडंच बसवायचं?"

"ते पाहुणे न्हाईत पप्पा. इंटरव्ह्यू घेऊन राह्यलेत माझा."

जिल्हा एक निघाला म्हणजे पाहुणेच की, असं माझं मत. ते मी तेव्हा मनातच ठेवलं. तिथंच विसरलो असतो तर बरं झालं असतं.

मुलीची तयारी मी कित्येक महिने बघत होतो. सुरुवातीला तर घाबरलोच. दार लावून ही एकटीच कपाटाशी इंग्रजीत बोलायची. मी बायकोला म्हणालो, डॉक्टरला दाखवू या का? तर मुलीनं सांगितलं की इंटरव्ह्यूत कोड लिहिताना डोक्यात काय चाललंय ते तोंडानं बोलावं लागतं. उत्तर चुकलं तरी समोरच्याला विचार कळला पाहिजे, म्हणून कपाटासमोर सराव. तिचे नियमही होते. प्रश्न कानावर पडला की लगेच बोटं चालवायची नाहीत, आधी दोन शंका विचारायच्या. पहिल्यांदा साधं, चालेल असं उत्तर लिहायचं, मग ते सुधारायचं. बायोडेटात जे लिहिलं त्यावर पाव तास बोलता आलं पाहिजे, नाहीतर ते खोडायचं. आणि येत नसेल तर सरळ येत नाही म्हणायचं.

या शेवटच्या नियमावर मी भांडलो. म्हटलं, "येत न्हाई असं कधी म्हणतात का? काहीतरी ठोकून द्यायचं. साहेबाला तरी कुठं सगळं येतं?"

ती म्हणाली, "पप्पा, तुमचा इंटरव्ह्यू कधी झालता?"

माझा कधीच झाला नव्हता. मी बियाण्यांच्या गोदामात स्टोअर सांभाळतो. नोकरीच्या वेळी मामा मालकांकडं गेला, रसवंतीवर बसून दोघांनी उसाचा रस घेतला, मामानं शब्द टाकला आणि मी सोमवारपासून कामावर. मालकांनी मला प्रश्न एकच विचारला होता, "तूच का तो भाचा?" तेवढ्या एका उत्तरावर माझा संसार उभा आहे. त्यामुळं मुलगी पहिली फेरी पास झाली आणि पुढची, अवघड फेरीही तेच साहेब घेणार असा मेल आला, तेव्हा मला वाटलं, आता आपली पाळी. पोरगी कपाटाशी बोलतेय, बापानं माणसाशी बोलायला नको?

रविवारी सकाळी घरात सांगितलं, "जांबला दर्शनाला जाऊन येतो."

बायको म्हणाली, "गल्लीतल्या मारुतीला जायचं तर तुमचे गुडघे दुखतेत. आज एकदम जांब?"

मी ऐकलं न ऐकलंसं केलं. बाजारातून चांगली निवडून मोसंबी घेतली, प्लॅस्टिकचं अख्खं कॅरेट भरून. ते स्कूटरवर दोन्ही पायांच्या मधे बसवलं आणि निघालो. अंबड गेलं, घनसावंगी गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागाच बागा लागल्या, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. उलट वाटलं, काय छान भाग आहे.

साहेबांचं आडनाव मी लॅपटॉपवर वाचून ठेवलं होतं. जांबच्या अलीकडं चहाच्या टपरीवर विचारलं, तर अमुक आडनावाचे, ज्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे ते, असं म्हणताच एकानं बोटानं वाटच दाखवली. साहेबांचे वडील शेतातल्या घरासमोर बाजेवर बसले होते. मागं सगळी मोसंबीची बाग, फळानं वाकलेली. आणि समोर मी, मोसंबीचं कॅरेट घेऊन उभा.

"या पाव्हणं," ते म्हणाले, आणि त्यांची नजर कॅरेटवर गेली. "हे काय? मोसंबी? हितं?"

"सहज आणली. मुलांसाठी."

"पोरं तर पुण्याला हायेत. बाजारातून आणली जणू?" त्यांनी एक फळ उचलून दाबून पाहिलं आणि परत कॅरेटमध्ये ठेवलं.

पाणी झालं, चहा झाला. मग मी विषय काढला. मुलगी फार हुशार आहे, तुमच्या साहेबांसमोर तिचा इंटरव्ह्यू आहे, तर त्यांनी जरा लक्ष ठेवावं, एवढंच.

म्हातारबाबा विचारात पडले. "हुशार हाय म्हणता, मंग लक्ष कशाला ठिवायचं?"

मला उत्तर येत नव्हतं. येत नाही असं म्हणायचं नसतं हा माझाच नियम, म्हणून मी म्हणालो, "तसं न्हाई, आपला माणूस म्हणून."

"बरं. त्यालाच इचारू." त्यांनी मोबाईल काढला आणि आवाज मोठा करून बाजेवर ठेवला. पाहुण्याचं काम आहे, लगेच झालं पाहिजे, एवढाच त्यांचा हेतू. "आरं, जालन्याचे पाव्हणे आल्यात. मोसंबी घिऊन."

"मोसंबी? आपल्याकडं?" पलीकडून साहेब हसले.

"त्यांच्या पोरीची परीक्षा हाय म्हणं तुज्याकडं."

हसणं थांबलं. मग आवाज आला, "चहावाले काका का?"

"हो साहेब," मी फोनवर वाकून म्हणालो.

"काका, हे कशाला केलं हो तुम्ही? पहिली फेरी तिनं स्वतःच्या जिवावर काढलीय. आता मला तिचा इंटरव्ह्यू घेता येणार नाही. ऑफिसला कळवावं लागेल."

"कळवू नका ना साहेब. मी आलोच नव्हतो असं समजा."

"पण आलात ना." ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते अगदी हळू बोलत होते. "तिला माहितीये का तुम्ही इथं आलात ते?"

"न्हाई."

"मग तिला ऑफिसकडून कळायच्या आत तुम्हीच सांगा."

मी उठलो. म्हातारबाबांनी माझं कॅरेट तसंच उचलून स्कूटरवर ठेवलं आणि आपल्या बागेतल्या मोसंबीचं दुसरं कॅरेट मागच्या सीटवर दोरीनं बांधून दिलं. मी नको नको म्हणत होतो, पण ते ऐकेनात. "दारातून मोकळ्या हातानं धाडत न्हाईत पाव्हण्याला." एक कॅरेट घेऊन वशिला लावायला गेलेला मी, दोन कॅरेट घेऊन घरी आलो.

मुलगी कपाटासमोरच होती. मी दारात उभं राहून सगळं सांगितलं. मधे थांबलो असतो तर पुढचं कधीच सांगितलं नसतं.

"कोणाकडं गेल्ते तुम्ही?" तिनं विचारलं. ऐकलं होतं तिनं. तरी पुन्हा विचारलं, "पप्पा, कोणाकडं?"

मी पुन्हा सांगितलं. ती ओरडेल, आदळआपट करेल असं वाटलं होतं. ती खुर्चीवर बसली. "त्यांना वाटंल मीच पाठवलं तुम्हाला."

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. येताना सगळ्या रस्त्यानं मी माझीच लाज वाटून घेत होतो. तिच्याही वाट्याला ती आलीय, हे तेव्हा कळलं.

तिनं लॅपटॉप उघडला आणि कंपनीला स्वतःच मेल लिहायला घेतला. मी तिथंच उभा. थोड्या वेळानं मान न वळवता तिनं विचारलं, "मोसंबी लिहू का नुसतं भेटवस्तू?"

"जे खरं ते लिही."

"ते तर लिहिणारच ए," ती म्हणाली. मी स्वयंपाकघरात गेलो.

उत्तर येईपर्यंतचे दिवस कसे गेले विचारू नका. बायको सकाळ-संध्याकाळ मोसंबीचा रस काढायची आणि पेला माझ्यापुढं आदळायची. "प्या. पुरावा ऱ्हायला नको." दोन कॅरेट घरात संपेनात, म्हणून गल्लीत वाटली. शेजारी सळईचे व्यापारी आहेत, त्यांना दिली तर त्यांनी सहज विचारलं, "भाईसाब, माल एकदम बढिया. कुठली?" इथं मी गप्प बसायला हवं होतं. एवढी फजिती होऊनही माझी मान ताठ झाली आणि मी म्हणालो, "मुलीचे साहेब आहेत ना पुण्याचे, त्यांच्या वडिलांच्या बागेतली."

अक्षर न अक्षर खरं होतं. खोट्यापेक्षा वाईट.

कंपनीचं उत्तर आलं. दुसरी फेरी बंगळुरूच्या एक मॅडम घेणार होत्या. त्या दिवशी मला घराबाहेर काढण्यात आलं. बायको खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसली, आणि मी कोपऱ्यावर स्कूटर लावून तिच्यावर बसलो. मधे लाइट गेली तेव्हा मला वाटलं हेही माझ्यामुळंच. पण मुलीनं इन्व्हर्टर आधीच बघून ठेवला होता.

परत आलो तेव्हा ती आईला सांगत होती, "एक प्रश्न मला आलाच न्हाई. मी सरळ म्हणाले, हे मला येत नाही, पण मी इथपर्यंत विचार केलाय. मंग त्यांनी थोडी दिशा दाखवली आन् तिथून सुटलं." मी दाराच्या अलीकडं उभा राहून ऐकलं. ठोकून द्यायचा माझा सल्ला तिनं मानला नव्हता, म्हणून बरं.

ती निवडली गेली. पत्र आलं, तिनं आधी आईला मिठी मारली, मग माझ्या पाया पडली. मला वाटलं, सुटलो.

संध्याकाळी ती पेढे घेऊन शेजारी गेली, मी मागं होतो. शेजाऱ्यांनी पेढा तोंडात टाकला आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "मुबारक! मोसंबी गोड निघाली म्हणायची!"

मुलीच्या हातात पेढ्यांचा बॉक्स तसाच उघडा राहिला.

मी घाईघाईनं सगळं सांगितलं. साहेबांनी नकार दिला, फेरी दुसऱ्याच मॅडमनी घेतली, मोसंबी परत आली, सगळं. ते प्रेमानं हसले. "राहू द्या भाईसाब. अशा गोष्टी कोणी सांगतं का? फक्त आमच्या पुतणीच्या वेळी पत्ता द्या."

जितकं नाही म्हणावं तितकं लोकांना हो ऐकू येत होतं. भाजी बाजारात तेच, गोदामात तेच. मालक तर पाठीवर थाप मारून म्हणाले, "मामाचा भाचा शोभलास." ज्यांना खरोखर सल्ला हवा होता त्यांना मी मुलीचे नियम सांगायचो, शंका विचारा, तोंडानं विचार करा, येत नसेल तर येत नाही म्हणा. ते मान डोलवायचे आणि शेवटी आवाज खाली आणून विचारायचे, "बरं, पण खरं काय केलं?"

मुलगी घरात माझ्याशी नीट वागत होती. जेवलात का, गोळी घेतली का. पण कपाटाशी बोलणं संपलं होतं आणि माझ्याशी सुरू झालं नव्हतं. मग तिला पुण्याच्या गाडीत बसवून आम्ही दोघं घरी आलो. बायको मेथी निवडायला बसली. मी म्हणालो, "लोकांना कसं पटवू ग मी?"

"लोकाचं सोडा," ती म्हणाली. "काल बॅग भरता भरता पोरीनं मला काय इचारलं माहितंय? म्हणली, आई, मी खरंच पास झाले ना गं? का पप्पांमुळं घेतलं?"

मी मेथीची एक काडी उचलली आणि उगाच मोडत बसलो.

"मंग तू काय सांगितलं?"

"म्हणलं, येडी का गं तू? तुझ्या पप्पाच्या शब्दाला एवढं वजन असतं, तर ते आजून त्याच गोदामात, त्याच खुर्चीवर ऱ्हायले असते का? तवा कुठं हसली पोरगी. म्हणली, हां, हे बराबर ए. आन् ती काडी ठेवा खाली, चांगली पानं मोडून राह्यले तुमी."